सोनोरन वाळवंटात हरीण आणि कायोटी: सामान भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक दक्षिण अ‍ॅरिझोनासाठी आहे: टूसॉनच्या आसपासचं सपाट वाळवंट आणि त्यातून वर उठलेले सांता रिटा, वाचुका, चिरिकावा हे डोंगर. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे यातलं काहीही तिकडे लागू होत नाही.

पहिल्यांदा येणारे बरेच ग्राहक खर्चाचं गणित उलटं मांडतात. भारीतली रायफल, तिच्यावर त्याहून भारी स्कोप, आणि गळ्यात जुनी आठपट दुर्बीण. इथे हाका नाही, मचाण नाही. समोरचा डोंगर तासन्‌तास न्याहाळायचा, आणि दिवसाच्या शेवटी कधीतरी चाप ओढायची वेळ आली तर आली. म्हणून पैसा आधी दुर्बीण, तिपाई, टायर आणि बर्फावर घाला. बंदूक साधी असली तरी चालते. (बंदूक आणि काडतुसं आम्ही भाड्याने देत नाही.)

कागदपत्रं

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा व्हिसावर असणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. अशा व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. चालू मुदतीचं राज्याचं शिकारीचं लायसन्स हा त्याला असलेला एक अपवाद. म्हणजे आधी लायसन्स, मगच मित्राची रायफल हातात घ्यायची. सरावाच्या रेंजवरसुद्धा हाच क्रम. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुमचं प्रकरण वेगळं असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नको.

कायोटीला (कोल्ह्यासारखा रानटी कुत्रा) एवढं लायसन्स पुरतं. हंगाम वर्षभर, संख्येची मर्यादा नाही. हरणासाठी मात्र वेगळा टॅग (एका जनावरापुरता परवाना) लागतो. रायफलचा टॅग अ‍ॅरिझोना गेम अँड फिश खात्याच्या सोडतीतून मिळतो आणि त्याचा अर्ज साधारण जूनच्या सुरुवातीला बंद होतो. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणून ऑक्टोबरमध्ये चौकशी केली तर त्या वर्षीचं गेलंच समजा. डिसेंबरचा टॅग मिळायला सगळ्यात अवघड, कारण तेव्हा नर माद्यांच्या मागे लागायला सुरुवात झालेली असते. माउंटन लायनलाही (प्यूमा) स्वतंत्र टॅग आहे.

नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएमच्या (केंद्र सरकारचं जमीन खातं) बहुतेक जमिनीवर शिकार चालते. राज्याच्या ट्रस्ट जमिनीवर शिकारीपुरतं लायसन्सच परवानगीचं काम करतं. सगुआरो राष्ट्रीय उद्यान आणि ऑर्गन पाइप राष्ट्रीय स्मारक बंद आहेत, आणि आदिवासी राष्ट्रांच्या जमिनीवर त्यांचीच परवानगी लागते. फोनवर हद्दी दाखवणारा नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. तिथे रेंज नसते.

नवखे लोक नेमके यात अडकतात: शिकारीसाठी झाडाला कॅमेरा लावणं १ जानेवारी २०२२ पासून बंद आहे. थर्मल स्कोप (अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणारा) चालत नाही. गाडीतून किंवा रस्त्याच्या पलीकडे बार टाकता येत नाही. माणसं राहत असलेल्या घरापासून पाव मैलाच्या आत परवानगीशिवाय गोळी चालवायची नाही. पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत तंबू ठोकून जनावरांची पाण्याची वाट अडवायची नाही. गुरांची सिमेंटची टाकीही पाणवठ्यातच मोडते.

दुर्बीण आणि तिपाई

इकडे दोन जातींची हरणं आहेत. मोठ्या कानांचं म्यूल डिअर सपाटीवर आणि पायथ्याच्या ओढ्यांत असतं. कूझ डिअर ही पांढऱ्या शेपटीच्या हरणाची छोटी उपजात वर, ओक आणि जुनिपरच्या पट्ट्यात, साधारण ४,००० ते ७,००० फुटांवर. पूर्ण वाढलेला कूझ नर जेमतेम १०० पौंडांचा, आणि रंग असा की दगडाजवळ उभा राहिला तर दगडच.

आमच्या संचात १५ बाय ५६ ची (१५ पट, ५६ मिमी भिंगाची) दुर्बीण, तिपाई, जोडणीची खुंटी आणि बसायची फोमची गादी येते. गादी बिनकामाची वाटते म्हणून लोक गाडीतच ठेवतात, आणि वीस मिनिटांत उठून चालू लागतात. गादी न्या.

तिपाई बसलेल्या उंचीवरच लावा. उभ्याने बघितलं तर वाऱ्याने ती थरथरते आणि १५ पटीत ती थरथर १५ पट दिसते. मधला दांडा वर काढू नका. दुर्बीण बसवल्यावर डोळ्यांमधलं अंतर जुळवा, मग उजवा डोळा झाकून डाव्याचा फोकस मधल्या चाकाने करा, नंतर डावा झाकून उजव्याचा त्याच्या कड्याने. हे नीट झालं नाही तर तासाभरात डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला मिळतो.

आता समोरचा उतार. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करा, शेत नांगरावं तसे आडवे तास घ्या. एका चौकटीवर दहा-बारा सेकंद थांबा, दुर्बीण हलवू नका, नजर फिरवा. मग पाऊण चौकट पुढे. अख्खं हरीण शोधू नका. उभ्या फांद्यांच्या गर्दीत पाठीची एक आडवी रेघ, फडफडलेला कान, काळं नाक, शिंगाच्या टोकावरची चमक, एवढंच मिळतं. एकदा उतार पुसून झाला की पुन्हा पहिल्यापासून. ज्या झुडपाखाली आत्ता काही नव्हतं तिथे पाच मिनिटांनी नर उभा असतो. तो आधीही तिथेच बसलेला होता.

थंडीच्या सकाळी हरणं कोवळ्या उन्हात चरतात, म्हणून पहिले दोन तास पूर्वेकडे तोंड असलेले उतार. नऊ-दहाच्या सुमारास ती सावलीला जाऊन बसतात, तेव्हा उत्तरेचे उतार. यानंतर बहुतेक लोक जेवायला गाडीकडे निघतात आणि तिथेच चुकतात. अकरा ते एकच्या दरम्यान सावली सरकते, अंगावर ऊन येतं, आणि हरीण उठून दोन पावलं सरकून पुन्हा बसतं. हे सगळं मिनिटभरात उरकतं. डबा तिपाईपाशीच खा. तापलेल्या सपाटीवरून हवा थरथरायला लागली की तिकडे बघण्यात अर्थ नाही. सावलीतला उतार तेवढा बघा.

हरीण दिसलं की लगेच धावू नका. फोन दुर्बिणीला लावून उताराचा फोटो घ्या, त्यात ओळखू येईल असा खडक किंवा वाळकं झाड धरा. पलीकडे पोचल्यावर सगळा डोंगर वेगळाच दिसतो. वाऱ्याचाही विचार करा: ऊन चढेपर्यंत हवा घळीतून खाली वाहते, उतार तापला की वर चढते. सकाळी वरून, उशिरा खालून गेलात तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो.

रायफल

२४३ विन्चेस्टर, ६.५ क्रीडमूर, ३०८, यातलं कुठलंही काडतूस पुरतं. २०० यार्डांवर झीरो केलेल्या (त्या अंतरावर नेमकी लागेल अशी जुळवलेल्या) ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी ३०० वर सुमारे ८ इंच आणि ४०० वर सुमारे २२ इंच खाली येते. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर तिला अंदाजे ६ इंच ढकलतो. कूझच्या छातीतला खरा टप्पा आठ इंचांचाही नसतो. तेव्हा वारा असताना ३०० च्या पुढे जायचं की नाही, हे घरून ठरवून निघा. उतारावर रेंजफाइंडर कोन धरून दाखवेल तेच अंतर धरायचं: ३० अंशांच्या उतारावर ३५० यार्ड म्हणजे गोळीला ३०३ यार्डच. न धरलेला कोन गोळी वरून घालवतो.

बोल्टला तेल थापू नका. तेलावर बारीक धूळ बसते आणि त्याचा लगदा होतो. पुसून कोरडा ठेवा. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा लावा, तो काढायची गरज नाही. काडतुसं डॅशबोर्डवर तापली तर गोळी वर लागते, तेव्हा ती सावलीत असू द्या.

कायोटीला बोलावणं

भाड्याच्या कॉलरमध्ये (आवाज वाजवून जनावराला बोलावणारं यंत्र) सशाच्या किंकाळ्यांचे आवाज भरलेले आहेत. गाडी आडोशाला लावा, दार ढकलून बंद करा, आपटू नका. पाव मैल चाला, पण टेकडीच्या कडेवरून नको, आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस लांबून दिसतो. कॉलर वाऱ्याकडच्या बाजूला ३० ते ५० यार्डांवर ठेवा आणि स्वतः झुडपाला पाठ लावून सावलीत बसा. झुडूप पाठीशी हवं, पुढ्यात नको. पुढे असलं की बंदूक फिरवताना अडकते आणि हालचाल दिसते.

कायोटी वळसा घालून वाऱ्याखाली येतो, म्हणून त्या बाजूला मोकळी पट्टी ठेवूनच जागा निवडा. आवाज आधी हळू. एखादा जवळच बसलेला असला तर मोठ्या आवाजाने पळतो. दोन मिनिटांनी वाढवा. पंधरा मिनिटांत आला नाही तर उठा आणि मैलभर पुढे जाऊन पुन्हा बसा. बॉबकॅट (एक रानमांजर) आणि कोल्ह्याला मात्र अर्धा तास द्यावा लागतो. त्याच जागी दर शनिवारी बसणाऱ्यांना हळूहळू काहीच येत नाही, कारण तिथले कायोटी तो आवाज ओळखायला लागतात. ४० यार्डांच्या आत १२ बोअरची शॉटगन बरी, त्यापुढे २२३ ची रायफल.

ओळख पक्की हवी. पूर्व अ‍ॅरिझोनात १९९८ पासून मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडलेले आहेत आणि त्यांना पूर्ण संरक्षण आहे. कायोटी २० ते ३५ पौंडांचा, लांडगा ५० ते ८०. लांडग्याचं डोकं रुंद, पाय लांब, बऱ्याचदा गळ्यात रेडिओचा पट्टा. दक्षिणेच्या डोंगरांत ऑसेलट (ठिपक्यांची रानमांजर) आणि जॅग्वारही येतात. बॉबकॅटची शेपूट आखूड, ऑसेलटची लांब: शेपूट दिसल्याशिवाय चापाला बोट नाही.

भर दिवसा न घाबरता लडखडत जवळ येणारा कोल्हा किंवा स्कंक (दुर्गंध फवारणारा छोटा प्राणी) रेबीजचा असू शकतो. त्याला हात लावू नका. मेलेलं कोणतंही जनावर हाताळताना रबरी हातमोजे घाला. पिसवांमधून प्लेग येतो, सशामधून ट्युलरेमिया हा तापाचा आजार.

पाणी, काटे, गाडी

माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी, आणि तेवढंच आणखी गाडीत. ऑगस्टमध्ये धनुष्याच्या हंगामाला जात असाल तर मॉन्सून चालू असतो (इथे तो १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात). कोरड्या ओढ्याच्या वाळूवर तंबू ठोकू नका. पाऊस दहा मैलांवर पडला तरी पूर तुमच्याकडे येतो.

चोया नावाच्या निवडुंगाचा गोळा नुसता घासून गेलात तरी पोटरीला चिकटतो. हाताने ओढू नका, तो हातालाही लागतो. संचातला मोठ्या दातांचा कंगवा गोळ्याच्या आणि कातडीच्या मधे सरकवा आणि झटक्यात लांब उडवा, बरोबरच्याला आधी बाजूला करून. राहिलेले काटे पकडीने. फड्या निवडुंगाची केसाएवढी कुसळं चिकटपट्टी दाबून उपटा.

रॅटलस्नेक ऑक्टोबरपर्यंत सहज भेटतात. चावला तर चिरा देऊ नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, बर्फ लावू नका. अंगठी-घड्याळ काढा, ९११ ला कळवा. पॉयझन सेंटरचा नंबर १-८००-२२२-१२२२. फोन लागत नाही तिथे सॅटेलाइट मेसेंजर लागतो, तो आमच्याकडे आहे.

मेस्क्वीट या काटेरी झाडाचा काटा टायर सहज फोडतो. एक स्टेपनी कमी पडते. दुसरी, नाहीतर पंक्चरचा संच आणि हवेचा पंप घ्या. खोल वाळूत हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरावर येण्याआधी परत भरा.

मांस

हरीण पडल्यावर सगळ्यात आधी टॅग लावा. मग घाई करा, कारण ऑक्टोबरच्या दुपारी ३० अंश असू शकतं. कातडी हा गोधडीसारखा उष्णता धरणारा थर आहे, ती आधी काढा. पोट न उघडता चारही पाय सोडवता येतात: वरच्या कुशीवरची कातडी पाठीपासून खाली सोला, पुढचा पाय सांध्याशिवाय फक्त मांसाने जोडलेला असतो तो कापा, मागच्या मांडीचा खुब्याचा गोळा मोकळा करा, पाठीच्या कण्यालगतच्या पट्ट्या काढा, मग उलटवून दुसरी बाजू. मांस नासायला सुरुवात होते ती खुब्याच्या हाडाजवळ, आत दडलेल्या उष्णतेने; बाहेरून थंड लागलं म्हणून फसू नका. नर असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे, तो कापून टाकला तर दंड आहे.

कापडी पिशवीत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस म्हणजे बंद डब्यात वाफेवर ठेवल्यासारखं. आमचा १०० क्वार्टचा (सुमारे ९५ लिटर) कूलर घरून निघतानाच बर्फाच्या लाद्यांनी थंड करून न्या. चुऱ्याचा बर्फ दिवसात वितळतो. खालचं बूच उघडं ठेवा, मांस पाण्यात तरंगता कामा नये.

घरी शिजवताना मटणाचा अंदाज लावू नका. या मांसात चरबी जवळजवळ नसते. मांडीला आणि खांद्याला कुकर ठीक, पण पाठीच्या पट्ट्या तव्यावर दोन्हीकडून दोन-तीन मिनिटंच. शिट्ट्या दिल्या तर चामडं होतं. शिंगं भारतात नेण्याचा बेत असेल तर सोडा: वन्यप्राण्यांचे अवयव नेण्यावर कस्टम्सची कडक बंधनं आहेत.

परत करताना

तिपाईचे पाय बंद करण्याआधी सांधे कोरड्या ब्रशने झाडा. वाळूसकट आवळलेला सांधा एका फेरीत ओरखडतो आणि त्याचे पैसे आम्हाला कापावे लागतात. दुर्बिणीची काच सदऱ्याने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग बरोबर दिलेलं कापड. कूलर धुवून, झाकण उघडं ठेवून वाळवून आणा. कंगवा परत नको, तो तुमच्याकडेच राहू द्या.