पुरानंतरचे सांडपाणी: यंत्रणा भाड्याने घेण्याआधी एवढे वाचा

निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग भागातील ग्रामपंचायती, शाळा समित्या व तरुण मंडळांसाठी

पूर आला की आधी पिण्याच्या पाण्याची धावाधाव होते, आणि ती रास्तच आहे. पण शाळेत तीनशे माणसे उतरली की त्यांनी वापरलेले पाणी जाते कुठे, हे दुसऱ्याच दिवशी नाकाला कळते. अशा ठिकाणी आम्ही सांडपाणी प्रक्रियेची तात्पुरती यंत्रणा भाड्याने देतो.

पाणी किती धरायचे?

आपत्तीत माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी लागते, असे जगभर धरतात. आपल्याकडे पाणी ओसरले की गाळाने माखलेली अंथरुणे-भांडी धुवायला निघतात, म्हणून आम्ही 40 लिटर धरतो. तीनशे माणसांचे झाले 12,000 लिटर. त्यातले साधारण 80 टक्के सांडपाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरच्या आसपास. यात जनावरे नाहीत. त्याच नळाखाली म्हशी धुतल्या तर सगळा हिशेब कोलमडतो. जनावरांची सोय वेगळी करा, आणि शेण टाकीत नको, उकिरड्यावरच जाऊ द्या.

शोषखड्डा का नको?

नदीकाठची काळी जमीन भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरायचे थांबते. खड्ड्याचा तळ भूजलापासून निदान दीड मीटर वर आणि खड्डा विहिरीपासून 30 मीटर लांब हवा. दूधगंगा-वेदगंगेच्या काठी ऑगस्टमध्ये दीड मीटर कोरडी जमीन कुणाला सापडली तर आम्हालाही दाखवा! म्हणूनच आमच्या टाक्या जमिनीवर बसतात.

घरचा सेप्टिक टँकही पाणी ओसरल्याबरोबर उपसायला घेऊ नका. भोवतीची माती चिंब असताना टाकी रिकामी केली तर ती वर उचलली जाते, नाहीतर भिंत आत येते. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही म्हणजे नाही. आतल्या वायूने क्षणात जीव जातो, शिवाय माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

पहिले दिवस चुन्याचे

"ब्लोअरवाले मशीन उद्या चालू होईल का?" असे सगळेच विचारतात. टाकीत हवा फुंकून जंतूंकरवी पाणी साफ करणारे हे मशीन चालू होईल, पाणी स्वच्छ होणार नाही. घाण खाणाऱ्या जंतूंचा थर आतल्या प्लास्टिकच्या चकत्यांवर बसायला काही आठवडे जातात. चालू प्रकल्पातला गाळ विरजणासारखा आणून घातला तर काम लवकर होते, पण एका रात्रीत नाही. केंद्र दहा-बारा दिवसच चालणार असेल तर मशीन घेऊ नका, हे आम्ही धंदा सोडून सांगतो.

त्याऐवजी साध्या टाक्या घ्या. संडासाचा मैला एकीकडे, न्हाणी-मोरीचे पाणी दुसरीकडे. हजार लिटर मैल्याला साधारण 10 ते 15 किलो विरलेला चुना घालून तळापर्यंत ढवळा आणि सामू (पीएच) पट्टीने तपासा. तो 12 च्या वर जाऊन दोन तास तिथेच राहिला पाहिजे. घसरला तर आणखी चुना घाला. कळीचा चुना मात्र टाकीत टाकू नका. तो उसळतो आणि डोळ्यांवर बेततो. विरलेला चुना हाताळतानाही चष्मा आणि हातमोजे हवेतच.

मोरीचे पाणी आधी निवळू द्या, मग ब्लीचिंग पावडर टाका. गढूळ पाण्यात टाकलेली पावडर घाणीवरच खर्ची पडते. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपमध्ये (क्लोरीन तपासायच्या संचात) पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजा. पोते उघडे राहिले असेल तर पावसाळी हवेत त्यातला जोर आधीच गेलेला असतो.

मशीन केव्हा घ्यावे?

घरे पडलेली कुटुंबे महिनोन्महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहणार असतील तेव्हा. हवा बंद पडली की आतले जंतू गुदमरतात, म्हणून हेस्कॉमच्या विजेच्या लाईनवर विसंबू नका, जनरेटर ठेवा. संडासात फिनेल-ॲसिड ओतू नका. सामुदायिक स्वयंपाकाचे तेल अडवायला आम्ही पेटी देतो. तिच्यावरची साय रोज काढावी लागते. कंटाळवाणे काम आहे, पण चुकवले की पाइप तुंबतो.

रोजची परीक्षा एका काचेच्या बरणीत होते. हवेच्या टाकीतले पाणी भरून अर्धा तास ठेवा. खाली तपकिरी गाळ आणि वर निवळ पाणी दिसले तर ठीक. गाळ काळा असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर हवा कमी पडते आहे, लगेच फोन करा. बाहेर पडणारे पाणी उसाला चालेल. भाजीपाल्याला नको, पिण्याचा तर प्रश्नच नाही.

नोंदणी

2019 आणि 2021 च्या महापुरात यमगर्णीजवळ महामार्गावरच पाणी आले होते. तेव्हा फोन करून उपयोग नसतो, गाडी पोचत नाही. मे महिन्यातच टाक्या नेऊन गावातल्या उंच जागी ठेवा. जागा पूररेषेच्या वर, पण संडासांपेक्षा खाली हवी, म्हणजे उतारानेच पाणी येते. मैला उपसणारी गाडी तिथे वळलीही पाहिजे. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) द्यायचा अर्ज आम्ही कन्नडमध्ये तयार करून देतो. गावातली दोन माणसे नेमून द्या, त्यांना अर्ध्या दिवसात सगळे शिकवतो.

भाड्यात टाक्या, पाइप, तेलाची पेटी आणि तपासणीचे साहित्य येते. डिझेल, चुना आणि मैला वाहून नेण्याचा खर्च ग्राहकाकडे. टाक्या धुऊन परत आल्या की डिपॉझिट मिळते.