कंत्राटी कामगार नक्की कोणाचा? वादाची पार्श्वभूमी

१९६० साली मुंबईतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या साफसफाईच्या कंत्राटाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. काम बारमाही आहे, कारखान्याला लागणारे आहे, पूर्णवेळ माणसे ठेवण्याइतके आहे. मग ते ठेकेदाराकडे का? कामगारांची ही बाजू टिकली आणि तेच निकष १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० मध्ये आले. शासनाने अधिसूचना काढून एखाद्या कामातले कंत्राट बंद करायचे, एवढे ठरले. त्या कामावरच्या माणसांचे पुढे काय, हे कायद्याने लिहिलेच नाही. पुढची तीस वर्षे भांडण झाले ते त्यावरूनच.

१९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सांगितले, बंदी आली की कामगार आपोआप मुख्य मालकाचे, म्हणजे ज्या कंपनीचे काम चालते तिचे. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते फिरवले. मालकवर्गाने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि निकालाचा उरलेला अर्धा भाग वाचायचा राहिला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की कंत्राट नुसते कागदोपत्री, कायदा चुकवण्यासाठी केलेले निघाले, तर कामगार पहिल्यापासून मुख्य मालकाचाच.

यालाच कामगार 'बोगस कंत्राट' म्हणतात, आणि कंपन्या अडकतात त्या इथे. माणूस कोणी निवडला, पगार कोण देतो, काढून कोण टाकू शकतो, हे पाहिले जाते. काम कुठे करायचे ते कंपनीने सांगणे चालते; २००९ च्या निकालाने ते दुय्यम नियंत्रण मानले. पण रजेच्या अर्जावर कंपनीच्याच सुपरवायझरची सही असेल, तर तो कागद कंपनीविरुद्ध जातो.

उलट एक सही १९७० च्या कायद्यानेच मागितली होती. ठेकेदार पगार वाटताना कंपनीचा प्रतिनिधी हजर असावा आणि 'माझ्या समक्ष दिले' असे त्याने वेतन नोंदवहीत लिहून द्यावे, असा नियम होता. मालक-कामगार नाते सिद्ध होईल या धास्तीने काही कंपन्या नेमकी हीच सही टाळत. ठेकेदाराने पगार बुडवला की तो त्यांनाच भरावा लागतो, हे तेव्हा आठवत नसे.

महाराष्ट्रात कामगाराची वाट आणखी लांबली. कंपनीने नातेच नाकारले, तर १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार चालत नाही. ते नाते आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली सिद्ध करून या, असे २००१ मध्येच ठरले. यात माणसाची उमेदीची वर्षे जातात. पुढे राज्याने १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होण्याची कामगारसंख्या २० वरून ५० केली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९७० चा कायदा आणि औद्योगिक विवाद कायदा यांच्या जागी नव्या कामगार संहिता लागू आहेत. मुख्य कामात कंत्राटी कामगारांना बंदी आहे, पण त्यालाही अपवाद आहेत. साफसफाई, सुरक्षा, कॅन्टीन हा आस्थापनेचा मूळ धंदा नसेल, तर ती मुख्य कामे धरली जात नाहीत. १९६० चा वाद तर साफसफाईचाच होता. शिवाय ठेकेदाराकडे नियमित नोकरीत असलेला, ठरावीक वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळणारा कामगार 'कंत्राटी' या व्याख्येतच येत नाही. त्यामुळे ठेकेदाराने दिलेल्या नेमणूकपत्रात वेतनवाढीचे कलम खरोखर आहे का, हे कंपनीने कंत्राटावर सही करण्याआधी स्वत: वाचून घ्यावे.