डिझेल मुरलेल्या मातीतल्या जिवाणूंचा जीनोम कशासाठी वाचायचा?

इंधन गळून माखलेली माती आम्ही जिवाणूंकडून साफ करतो. आमच्या दरपत्रकात ‘जीनोम सिक्वेन्सिंग’, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए वाचणं, ही ओळ दिसली की पंपचालक आणि गॅरेजवाले हमखास विचारतात: जिवाणूचं नाव कळलं ना, मग हा वेगळा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे.

इंधन खाणारे जिवाणू मातीत मुळातच असतात. गळतीच्या जागची माती क्षारांच्या पाण्यात घालायची आणि अन्न म्हणून फक्त डिझेल द्यायचं. त्यात जे वाढतात ते आपल्या कामाचे. एकेकाला वेगळं करून त्याचं १६एस जनुक वाचलं की ओळख पटते. डीएनएच्या जेमतेम दीड हजार अक्षरांचं हे जनुक, त्यामुळे तपासणी स्वस्त. पण नावावरून पचनशक्ती कळत नाही.

स्यूडोमोनास पुटिडाचंच बघा. त्याचा एमटी-२ हा वाण टोल्युइन आणि झायलीन हे पेट्रोलमधले घटक पचवतो. त्यासाठीची जनुकं त्याच्या मुख्य गुणसूत्रावर नाहीत, पीडब्ल्यूडब्ल्यू० या प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर आहेत. त्याच्यापासूनच आलेल्या केटी२४४० या वाणाचा सुमारे ६२ लाख अक्षरांचा जीनोम २००२ साली प्रसिद्ध झाला. या वाणात ते प्लाझ्मिड उरलेलं नाही. नाव तेच, पण टोल्युइनवर ठेवलं तर उपाशी!

म्हणून आम्ही प्लाझ्मिडांसकट सगळा जीनोम वाचतो. डिझेलमधल्या कर्बसाखळ्यांच्या टोकाला ऑक्सिजन जोडणारं ‘अल्क-बी’ जनुक आहे का, बेंझिनसारख्यांचं कडं फोडणारी जनुकं आहेत का, हे त्यात दिसतं. कडं फोडणाऱ्या एका प्रकारच्या विकराची (एन्झाइमची) खूण तर डोळ्यांनी दिसते: प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या पांढरट ठिपक्यांवर कॅटेकोल हे रसायन फवारलं की ते बघता बघता पिवळे होतात. प्रयोगशाळेत आलात तर दाखवू.

दुसरं कारण सुरक्षिततेचं, आणि आमच्या मते तेच जास्त महत्त्वाचं. स्यूडोमोनास एरुजिनोसासुद्धा डिझेलवर वाढतो, पण भाजलेल्या जखमांत संसर्गही करतो. तो नावावरूनच बाद. इतरांच्या प्लाझ्मिडवर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं सापडली तर तो वाणही आम्ही घेत नाही, मग तो डिझेल कितीही खाऊ दे. आणि हो, आम्ही जनुकं वाचतो, बदलत नाही. जनुकबदल केलेले जिवाणू उघड्यावर सोडायला १९८९च्या केंद्रीय नियमांनुसार मंजुरी लागते.

जीनोममधून कळते ती कुवत. प्रत्यक्ष काम मातीवर ठरतं. आपली काळी माती ओली झाली की फुगते, हवा कोंडते आणि जिवाणू मंदावतात. तिथे माती उलथून द्यावी लागते. नत्र-स्फुरदही द्यावं लागतं: ढोबळमानाने कर्ब १००, नत्र १०, स्फुरद १. मातीत शिसं असेल तर ते मात्र कुठलाच जिवाणू संपवू शकत नाही. माती किती साफ झाली हे गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मातीत उरलेलं इंधन मोजणाऱ्या तपासणीने, मोजायचं. नुसता जीनोम अहवाल दाखवून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

नमुना देताना: आधी गळती बंद करा. माती काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, नाहीतर हलके घटक मोकळ्या जागेत उडतात. प्लास्टिकची पिशवी नको. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नाही, कारण आम्हाला जिवाणू जिवंत हवेत. आवारातल्याच न माखलेल्या जागेची एक बाटली तुलनेसाठी सोबत द्या.