चरे बुजवायचे की घासून काढायचे?

नोव्हेंबरातली पहाट होती. सोलापुरात विजापूर रोडवर दाजींच्या घरासमोर त्यांची काळी गाडी उभी होती आणि मी मोबाईलची टॉर्च धरून बोनेटवर वाकलो होतो. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्यानं जाळं विणावं तशी बारीक रेषांची वर्तुळं दिसत होती. महिन्यापूर्वीच दाजींनी गाडीला एका दुकानातून ‘रबिंग-पॉलिश’ करून आणलं होतं. तेव्हा बोनेटमध्ये तोंड दिसत होतं. मग गाडी चार वेळा धुतली आणि सगळी जाळी परत वर आली.

“आणली तेव्हा आरशासारखी चमकायली होती की रे,” दाजी म्हणाले. “कंपनीनं रंगच हलका लावलाय का काय?”

रंगाचा दोष नव्हता. चरे मुळात गेलेच नव्हते. ते बुजवले गेले होते आणि बुजवणारं द्रव्य धुण्यात वाहून गेलं होतं. आता दाजींनी हे काम घरीच करायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी दोन बाटल्या हेरून ठेवल्या होत्या. एक ऑल-इन-वन क्लीनर, दुसरी फिनिशिंग पॉलिश. दोन्हींवर लखलखीत गाडीचं चित्र आणि दोन्हींवर चऱ्यांपासून सुटका होईल असं लिहिलेलं. यातली कोणती घ्यायची, हे बाटलीवरचं वाचून ठरत नाही. आधी रंगाच्या थरात काय घडतं ते पाहावं लागतं.

गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तेवढे हजारावे भाग, भरतं. त्यातला क्लिअर कोट ढोबळमानानं ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे आपण ज्याला गाडीची चमक म्हणतो, ती केसाहूनही पातळ अशा एका कडक प्लास्टिकच्या पापुद्र्यात असते. खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून जपणारी रसायनंही याच पापुद्र्यात मिसळलेली असतात. घासून गेलेला क्लिअर कोट कुठल्याही बाटलीनं परत येत नाही. पॉलिशबद्दलचा प्रत्येक निर्णय याच एका गोष्टीवर तोलायचा असतो.

आता ती वर्तुळं. बहुतेकांना वाटतं की कापड गोल गोल फिरवल्यामुळे चरे गोल पडतात. जेवणाचं जुनं स्टीलचं ताट दिव्याखाली धरून बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती तशीच वर्तुळं दिसतील आणि ताट सरकवलं की वर्तुळंही दिव्यामागून सरकतील. चरे वेड्यावाकड्या सगळ्या दिशांना असतात. त्यातले जे उजेडाच्या दिशेला आडवे पडलेले असतात, तेवढेच आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात. बाकीचे त्या क्षणी दिसत नाहीत. प्रतिबिंबाभोवतीचे असे आडवे तुकडे जोडून डोळा वर्तुळ तयार करतो. त्यामुळे ‘गोल पुसू नका, सरळ पुसा’ या सल्ल्यानं फारसं काही साधत नाही. कापडात कण असेल तर सरळ पुसतानाही तो ओरखडणारच.

दाजींना आणखी एक कोडं पडलं होतं. शेजाऱ्यांची पांढरी गाडी त्यांच्यापेक्षा दोन वर्षं जुनी, रोज कोरड्या फडक्यानं झटकली जाणारी आणि तरी स्वच्छ दिसणारी. क्लिअर कोटचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड आत शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.५ असतो. त्या हिशेबानं समोरून पडलेल्या उजेडातला जेमतेम ४ टक्के वरच्या पृष्ठभागावरून परत फिरतो आणि बाकीचा आत रंगापर्यंत पोचतो. पांढरा रंग तो बराचसा विखरून बाहेर पाठवतो आणि त्या झगमगाटात चऱ्यांचा मिणमिणता उजेड हरवून जातो. काळा रंग आत आलेला उजेड गिळून टाकतो. मग डोळ्याला मिळतो तो तेवढा ४ टक्के, आणि चऱ्यावरून भरकटलेला किरण अंधारातल्या काजव्यासारखा उठून दिसतो. पांढऱ्या गाडीवरही तितकीच जाळी असते, फक्त ती दिसत नाही.

पृष्ठभाग आरशासारखा दिसायचा तर तो किती गुळगुळीत हवा? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. रॅली या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखला जाणारा एक ढोबळ निकष आहे. समोरून पाहताना उंचसखलपणा तरंगलांबीच्या आठव्या हिश्शाच्या आत असेल, तर प्रकाशाच्या लेखी पृष्ठभाग सपाट. हिरव्या उजेडासाठी हे गणित सुमारे ०.०७ मायक्रॉनवर येतं. तिथपर्यंत पोचायला दोन वाटा आहेत. चऱ्याच्या कडा घासून तळापर्यंत आणायच्या, नाहीतर चराच भरून काढायचा.

भरून काढणं म्हणजे काय, हे सोलापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक ६८ लिंगांना तैलाभिषेक करत शहरभर फिरते. कोरडा पाषाण जवळून बघितला तर राखाडी, भुरकट दिसतो. तेल पडलं की तोच काळाभोर, खोल, ओला दिसू लागतो. दगड बदललेला नसतो. हवेचा अपवर्तनांक १, तेलाचा १.४७ च्या आसपास. तेल दगडाच्या खाचांत शिरलं की खाच आणि दगड यांतला फरक उजेडाला फार कमी जाणवतो, तो विखरत नाही आणि खालचा खरा रंग वर येतो. क्लिअर कोटच्या १.५ ला तर तेल आणखी जवळचं. त्यामुळे चरा जागेवर असूनही डोळ्याआड होतो. दाजींच्या दुकानदारानं बहुधा हेच केलं होतं. यात फसवणूक असतेच असं नाही. पण गाडी देताना तेवढं सांगायला हवं होतं, कारण पैसे दिले होते ते चरे काढण्याचे.

ऑल-इन-वन क्लीनरमध्ये तीन गोष्टी एकत्र येतात. घासणारी बारीक पूड, जी बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची असते. डांबराचे शिंतोडे आणि तेलकट मळ सोडवणारं द्रावक. आणि मागे राहून पाणी झटकणारं मेण किंवा पॉलिमर. काम एका हातात उरकतं आणि खरोखर उरकतं. पण या तिघांची आपसात ओढाताण असते. मेण आणि तेल पॅडखाली वंगणासारखं काम करतात, त्यामुळे पूड मनासारखी कापत नाही. उलट मेणाला घट्ट धरायला कोरडा, स्वच्छ पृष्ठभाग हवा असतो आणि इथे तर मळ त्याच घासण्यात सुटत असतो. म्हणून वेगळं लावलेलं सीलंट, म्हणजे निव्वळ संरक्षणाचा थर, जास्त टिकतं आणि ऑल-इन-वनचं लवकर उतरतं. त्यात सोलापूरचा उन्हाळा. हवेचा पारा ४० च्या वर आणि भर उन्हातल्या काळ्या बोनेटचा ६० अंशांच्याही पुढे. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नौबा मेण नैसर्गिक मेणांत फार कडक मानलं जातं. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, पण त्याआधीच मऊ पडू लागतं. एप्रिल-मे महिन्यात या थराकडून काही आठवड्यांपेक्षा जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

फिनिशिंग पॉलिशची गोष्ट मोझॅकच्या फरशीवरून लवकर कळते. जुन्या घरात फरशी घासणारं मशीन यायचं, तेव्हा आधी जाड दगड, मग मध्यम, मग बारीक अशा पाळ्या व्हायच्या. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे चरे काढायचा आणि स्वतःचे अधिक बारीक चरे सोडून जायचा. शेवटच्या दगडाचे चरे इतके बारीक की डोळ्याला दिसेनात. फिनिशिंग पॉलिश म्हणजे तो शेवटचा दगड. कंपाउंडनं, म्हणजे जास्त कापणाऱ्या जाडसर पॉलिशनं, जोरात घासल्यावर काळ्या गाडीवर जो धुरकट पडदा राहतो, तो काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. ती क्लिअर कोटचा घेते तो मायक्रॉनचा छोटासा अंश. पण खोल जाळीवर ती थेट फिरवली, तर चऱ्यांच्या मधली सपाट जागा अधिक चमकते आणि चरे जिथल्या तिथे राहतात. ‘फिनिशिंग’ या शब्दामुळे लोकांना वाटतं की हिनं काम संपेल. हिच्या आधी कुणीतरी काम केलेलं असेल, तरच ती ते संपवते. शिवाय ती मागे कसलंही संरक्षण ठेवत नाही. त्याच दिवशी वर मेण किंवा सीलंट लावावं लागतं.

इथवर सगळं प्रयोगशाळेतलं झालं. सोलापुरात खरा प्रश्न पाण्याचा. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा पिण्याच्या पाण्यातून गाडीला बादली देणं जिवावर येतं. मग रोज सकाळी कोरडं फडकं फिरतं. आपल्याकडची धूळ बेसॉल्ट खडकाच्या जातीची. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची मोह्‌स मापावरची (१ ते १०) कठीणता ६ आहे, तर खिडकीच्या काचेची ५.५ च्या आसपास. जो कण काच ओरखडतो, त्याच्यापुढे क्लिअर कोटचा काय पाड लागणार? आणि फडकं म्हणून हाती येतो तो आपल्या गावचा टॉवेल. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि अंग पुसायला त्याच्यासारखं दुसरं नाही, हे मी मनापासून म्हणतो. त्याची वळी पाणी पिऊन घेतात, म्हणून तर तो चांगला. पण धुळीच्या पत्र्यावर त्याच वळ्यांत कण अडकून बसतो आणि पुढच्या प्रत्येक फेऱ्यात ओरखडत जातो. दोष सुताचा नाही, कणाचा आहे. मायक्रोफायबरचे चिरलेले बारीक धागे कण जरा आत ओढून घेतात एवढंच. कोरड्या धुळीवर तेही निर्धोक नाही.

बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की दुसरा त्रास. पाणी उडून जातं आणि क्षारांचे पांढरे गोल उरतात. ते पॉलिशनं घासायला जाऊ नये. पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरनं ते बरेचसे विरघळतात, मग लगेच भरपूर पाण्यानं जागा धुवून घ्यायची.

दाजींना मी म्हटलं, “बाटली विकत घ्यायच्या आधी गाडीलाच विचारू.” दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं माझ्याकडे होतं. एका बादलीत शाम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी, अशी गाडी धुतली. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवर अलगद फिरवली. पिशवीमुळे बोटांना बारीकसा खरखरीतपणाही कळतो. दाजींनीही हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. “रव्यासारखं लागतंय की!” ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण आणि रस्त्याची घाण क्लिअर कोटला चिकटून बसलेली होती. ती क्ले बारनं, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ वडीनं, काढली. हे न करता पॉलिश फिरवलं, तर तेच कण पॅडखाली येतात.

मग टेपनं बोनेटवर फूटभर रुंद दोन चौकटी आखल्या. डावीकडे ऑल-इन-वन, उजवीकडे फिनिशिंग पॉलिश, दोन्हीकडे तेच मशीन आणि एकाच जातीचा फोमचा पॅड. पुसून टॉर्च मारली तेव्हा डावी चौकट सरळ सरळ जिंकलेली दिसली. दाजी तर निघालेच होते बाटली आणायला. मी थांबवलं आणि पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून दोन्ही चौकटी पुसल्या. अल्कोहोल तेल काढून टाकतं आणि खाली उरतं ते खरं काम. डावीकडे गेलेल्या रेषांतल्या काही हळूच परत आल्या. उजवीकडे आधी होतं तेच नंतरही होतं. जाळी थोडी विरळ, मधली जागा काचेसारखी, मोठे चरे तसेच.

मी निवडली ती डावीकडची बाटली. अल्कोहोल फिरवल्यावरही तिथे निम्म्याच्या आसपास रेषा खरोखर गेल्या होत्या आणि उरलेल्या बुजलेल्या राहणार होत्या, ही गोष्ट दाजींना माहीत असली म्हणजे झालं. त्यांची गाडी रस्त्यावर उभी राहते, उसाच्या ट्रॅक्टरमागून जाते आणि घरातलं कुणी ना कुणी तिच्यावर फडकं मारणारच. अशा गाडीवर आधी कंपाउंड, मग मध्यम पॉलिश, मग फिनिशिंग असा सगळा सोपस्कार करायचा, म्हणजे मिळणारी चमक सहा महिन्यांची आणि गेलेले मायक्रॉन कायमचे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा ऑल-इन-वन, मधल्या काळात नीट धुणं. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला तर मी दुसरा विचारही सुचवणार नाही. फिनिशिंग पॉलिश घ्यावी ती गडद रंगाची गाडी शेडमध्ये राहत असेल, दोन बादल्यांनी धुतली जात असेल आणि आधीच्या घासण्याचा धुरकटपणा तेवढा उरला असेल तर. तिथे मात्र ऑल-इन-वन वापरून त्या रंगावर अन्याय करू नये.

आम्ही दुसऱ्या दिवशी सहाला सुरुवात केली. पत्रा हाताच्या मागच्या बाजूला गार लागतो तोवरच काम करायचं, नाहीतर द्रव्य पॅडखाली वाळून पापुद्रे धरतं आणि ते काढताना नवे चरे पडतात. साडेआठला ऊन समोरच्या गच्चीवरून उतरलं तोपर्यंत बोनेट, छत आणि दोन दारं झाली होती. ड्रायव्हरच्या दारावर हँडलखाली एक लांब चरा होता. दाजींनी त्यावर नख आडवं फिरवलं, ते अडकलं. “हा पण काढ की,” ते म्हणाले. नख अडकतं म्हणजे चरा क्लिअर कोटमध्ये बराच खोल गेलेला असतो. तो सपाट करायचा, तर आजूबाजूचा सगळा थर तेवढ्या खोलीपर्यंत खाली आणावा लागेल. तो चरा आम्ही तसाच ठेवला आणि मागच्या दाराकडे वळलो.