'सॉफ्टवेअर स्लो झालंय' म्हणजे नेमकं किती?

महिन्याची १० तारीख जवळ आली की आमच्याकडे 'बिलिंगचं सॉफ्टवेअर स्लो झालंय' असे फोन वाढतात. ११ तारखेला जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या मासिक विवरणपत्राची मुदत, राहिलेली सगळी बिलं त्याआधी चढवायची, आणि तेव्हाच स्क्रीनवरचं चक्र फिरत बसतं. बहुतेक ग्राहक विचारतात, "मोठा सर्व्हर घ्यायचा का?" आम्ही म्हणतो, आधी मोजू या. चुकीच्या पद्धतीने लिहिलेली क्वेरी (डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या साठ्याला, विचारलेला प्रश्न) मोठ्या सर्व्हरवर थोडी लवकर चालेल, पण डेटा वाढला की सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच याल. खर्च मात्र दरमहा चालू राहील.

सरासरीवर जाऊ नका

समजा, १०० बिलं सेव्ह केली. त्यातली ९५ प्रत्येकी ०.४ सेकंदात झाली आणि ५ बिलांना प्रत्येकी १२ सेकंद लागले. सरासरी निघते ०.९८ सेकंद. कागदावर सगळं छान दिसतं, पण काउंटरवर पाच गिऱ्हाइकं ताटकळली ती ताटकळलीच. म्हणून आम्ही '१०० पैकी ९९ वेळा किती सेकंदांच्या आत?' हा आकडा धरतो, तोही प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळा आणि गर्दीच्या वेळचा. रात्री दहा वाजता घेतलेल्या मापाचा दुपारच्या तक्रारीसाठी काही उपयोग नाही.

किती वेळ लागलेला चालेल, याचाही अंदाज आहे. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही लागू पडतात: ०.१ सेकंदात झालं तर लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत कामाची लय टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. बिल सेव्ह होणं आम्ही १ सेकंदात बसवायला बघतो. वर्षभराच्या रिपोर्टला जास्त वेळ लागला तरी चालतो, फक्त तो बनत असताना इतरांचं बिलिंग अडायला नको.

वेळ जातो कुठे

क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा आणि रेंगाळणारी स्क्रीन पुन्हा चालवा. सर्वाधिक वेळ घेणाऱ्या ओळीवर क्लिक करून टायमिंग बघा. सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहण्यातच वेळ गेला असेल, तर दोष बहुधा सर्व्हर किंवा डेटाबेसकडे असतो. उत्तर लवकर येऊनही स्क्रीन उमटत नसेल, तर अवजड फोटो, जादा जावास्क्रिप्ट किंवा एकदम भरलेल्या हजारो ओळी तपासायच्या. पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग तपासणाऱ्या साधनाचे गुण बघून निश्चिंत होऊ नका. त्याला लॉगिनच्या आतलं काही दिसत नाही, आणि तुमचं सगळं काम तर आतच चालतं.

आम्हाला सर्वाधिक दोष डेटाबेसमध्ये सापडतात. रोजकीर्द आणि खतावणी आठवा. खतावणी नसेल तर एका पार्टीची बाकी काढायला वर्षाची रोजकीर्द चाळावी लागते. इंडेक्स म्हणजे डेटाबेसची खतावणी; ती नसलेल्या टेबलात डेटाबेस हेच करतो, मग नोंदी पंधरा लाख असोत की पन्नास. मात्र प्रत्येक इंडेक्स म्हणजे दर नोंदीमागे आणखी एक खतावणी लिहिणं. म्हणून सरसकट इंडेक्स लावले की शोध वेगवान होतो आणि सेव्ह मंदावतं.

दुसरा दोष लपून राहतो. ५०० बिलांची यादी एका क्वेरीत येते, पण प्रत्येक बिलावरच्या पार्टीचं नाव प्रोग्राम वेगळं विचारतो. झाल्या ५०१ क्वेरी. प्रत्येकीला ४ मिलिसेकंद धरले तरी २ सेकंद गेले, आणि एकेक क्वेरी तपासली तर कुठेच खोट दिसत नाही. नावं एकदमच मागवली की प्रश्न मिटतो. डेव्हलपरच्या मशीनवर वीस बिलं असतात, तिथे हे कधीच कळत नाही. म्हणून आम्ही चाचणी तुमच्या डेटाएवढ्या प्रतीवर करतो, चालू सिस्टिमवर कधीच नाही.

एका वेळी एकच बदल करतो, आणि त्याच वाराला त्याच वेळेला पुन्हा मोजतो. फरक पडला नाही तर बदल मागे घेतो.

फोन करण्याआधी

स्क्रीनचं नाव, नेमकी वेळ, कुठली शाखा, बिल किंवा पार्टी कोणती, आणि शेजारच्या संगणकावरही तसंच होतं का, एवढं टिपून ठेवा. वेळ मिनिटापर्यंत असेल तर लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ती क्वेरी शोधणं सोपं जातं. नेटवर्क टॅबमधून सेव्ह केलेली फाइल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. तिच्यात तुमच्या लॉगिनची माहिती असू शकते. आम्ही ती तुमच्यासमोर बसून बघू.