दार वाजवा, उत्तर येऊ द्या

वृद्धांच्या निवासी सेवाकेंद्रात दोन रहिवासी एका पलंगावर दिसले, की कर्मचारी गोंधळून आधी मुलांना फोन लावतात. दोघंही राजीखुशीने एकत्र असतील, तर त्या फोनचं काहीच कारण नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या हिब्रू होम या वृद्धांच्या केंद्राने १९९५ मध्येच रहिवाशांचा लैंगिक संबंधांचा हक्क लेखी धोरणात मान्य केला आणि तो जपणं हे कर्मचाऱ्यांचं काम ठरवलं. वय झालं की इच्छा विझते, हा समज खोटाच आहे. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ७५ ते ८५ वयाचे सुमारे २६ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय होते. हे लोक स्वतःच्या घरी राहणारे होते. केंद्रात मात्र आडवं येतं ते न वाजवता उघडलं जाणारं दार.

खरा कस लागतो स्मृतिभ्रंशात. स्मृती आणि आकलन तपासणाऱ्या ३० गुणांच्या एमएमएसई चाचणीत आजची तारीख, सांगितलेले शब्द, साधी वजाबाकी विचारतात. त्यात कमी गुण पडले म्हणून माणसाला कोण हवं-नकोसं आहे हे कळत नाही, असं ठरत नाही. म्हणून प्रत्येकाशी एकट्याने, दिवसाच्या ज्या वेळी डोकं जास्त ताळ्यावर असतं तेव्हा बोलावं. समोरची व्यक्ती कोण वाटते? तिला जोडीदार समजण्याची गल्लत होतेय का? नको असेल तर काय कराल? भाषा हरवली असेल तर अंग पाहावं: ती व्यक्ती आली की चेहरा खुलतो, की खांदे आखडतात? आजचा होकार उद्या धरून चालू नये. आखडणं, रडणं, जेवण टाकणं दिसलं, तर लगेच दोघांना वेगळं करून वरिष्ठांना कळवावं.

बरंचसं ‘अश्लील’ वागणं मुळात लैंगिक नसतंच. पायजमा सोडणाऱ्याला लघवी लागलेली असते, डायपर ओला असतो, जांघेत बुरशीची खाज असते. म्हणून नोंदवहीत शेरा नको, घडलं तेवढंच लिहावं: ‘सकाळी ७:१०, अंग पुसताना परिचारिकेचा दंड धरला, पत्नीच्या नावाने हाक मारली.’ एवढ्यावरूनही गल्लत लक्षात येते. पुढच्या वेळी आधी स्वतःचं नाव व काम सांगावं, अंगावर चादर ठेवून एकेक भाग पुसावा, गरज पडल्यास दुसरा कर्मचारी पाठवावा. परिचारिकेने हे निमूट सोसावं, असं मात्र मुळीच नाही.

वागणं अचानक बदललं तर औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. पार्किन्सनसाठीची प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांच्यामुळे कामेच्छा अनावर होऊ शकते. पण ती परस्पर बंद करू नयेत, मात्रा डॉक्टरच कमी करतील.