मुलांचा हर्निया दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर का उलटतो: पार्श्वभूमी

उघड्या शस्त्रक्रियेत जांघेतून हर्नियाची पिशवी, म्हणजे पोटाच्या अस्तराचा जांघेत उतरलेला फुगा, वीर्यवाहिनीपासून सोडवतात, कापतात आणि मुळाशी बांधतात. अनुभवी हातात ती शंभरात जेमतेम एखादी उलटते, म्हणजे हर्निया पुन्हा होतो. 1990 च्या दशकात दुर्बीण आली. वीर्यवाहिनीची धास्ती नको म्हणून पुष्कळांनी आधी मुलींवरच हात बसवला. पिशवी जागेवरच ठेवून, ती पोटात जिथे उघडते त्या आतल्या तोंडाला टाका घालायचा, एवढीच ती पद्धत. रुग्णांच्या सुरुवातीच्या मोठ्या मालिकांत उलटण्याचं प्रमाण तीन-चार टक्क्यांवर गेलं.

तोंडाच्या खालच्या कडेवर वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या पेरिटोनियमला (पोटाच्या आतल्या पातळ अस्तराला) चिकटून असतात. त्यांना धक्का नको म्हणून सुई तिथे उडी मारते. मागे राहिलेल्या फटीतून पिशवी पुन्हा भरते. दुर्बिणीसाठी भरलेल्या वायूने पोट ताणलेलं असताना गाठ आवळली तर ती सैल बसते, म्हणून आवळताना दाब उतरवतात. टाक्यात स्नायू पकडला गेला, तर दोरा तो कापत जातो आणि वेढा ढिला पडतो.

2000 नंतर त्वचेतून सुई घालून पेरिटोनियमच्या बाहेरून दोरा फिरवायची आणि गाठ त्वचेखाली पुरायची पद्धत पसरली. आधी सलाइन टोचून पेरिटोनियम वीर्यवाहिनीवरून उचललं की उडी मारावी लागत नाही. मात्र न विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ कधी त्वचेखाली गुठळी करते. तेवढ्यासाठी विरघळणारा दोरा वापरणं हा महागात पडणारा सौदा आहे.

खरा वाद पिशवी न कापण्याचा. नुसती बांधलेली पेरिटोनियमची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतीलच असं नाही. मग सगळा भार दोऱ्यावर. सशांवरच्या प्रयोगात टाका नंतर काढला, तरी आधी चटका दिलेली तोंडं बंद राहण्याकडे कल दिसला. म्हणून काही जण पिशवी आतून गोल कापून मगच शिवतात. लहान तोंड असेल तर नुसतं कापून टाका न घालणारेही आहेत. मुलग्यात पूर्ण वर्तुळ कापणं म्हणजे वीर्यवाहिनीशी खेळ, हा विरोधकांचा आक्षेप रास्त आहे. वाहिन्यांपासून दूर, फक्त पुढच्या कडेला हलका चटका आणि न विरघळणारा दोरा, ही तडजोड त्यातल्या त्यात पटण्याजोगी.

आकडे वाचताना सावध राहावं. दुसऱ्या बाजूला नव्याने झालेला हर्निया म्हणजे उलटणं नव्हे. बहुतेक हर्निया पहिल्या वर्षभरात उलटतात, त्यामुळे सहा महिन्यांचा पाठपुरावा अपुराच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा हिशेबही वेगळा मांडायला हवा. पुन्हा शस्त्रक्रियेला जाताना दुर्बिणीतून डायरेक्ट (जांघेच्या भिंतीतून थेट येणाऱ्या) आणि फीमोरल (मांडीच्या रक्तवाहिन्यांशेजारच्या) हर्नियाच्या जागाही तपासतात, कारण कधी कधी मूळ हर्नियाच तिथला असतो.